पोळ्याचे बैल, कंधारचा खंदक आणि 'हात लावू नये'ची पाटी

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

संग्रहालय म्हटलं की तुम्हाला कुठली पाटी आठवते? मला एकच आठवते. 'कृपया वस्तूंना हात लावू नये.' सात-आठ वर्षांच्या लेकराला ही पाटी दाखवणं म्हणजे ताटासमोर बसवून 'नुसतं बघ' म्हणण्यासारखं आहे. आजचा विषय आहे या पाटीच्या उलटा इतिहास. मुलांनी हात लावून, मोडून, चिखलात बरबटून आपल्या भागाची ओळख करून घ्यावी ही कल्पना आली कुठून, आपल्याकडे ती कुणी रुजवली, आणि माझ्या गावापर्यंत, म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतपर्यंत, ती नीट का पोचली नाही.

परदेशाचं आधी पटकन उरकून घेऊ. खास मुलांसाठीचं पहिलं संग्रहालय न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १८९९ साली सुरू झालं. बोस्टनच्या मुलांच्या संग्रहालयात १९६० च्या दशकात मायकेल स्पॉक संचालक म्हणून आले आणि त्यांनी काचेची कपाटं हटवून वस्तू मुलांच्या हातात दिल्या. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक ओपनहायमर यांनी एक्स्प्लोरेटोरियम उघडलं. हे अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपनहायमरचे धाकटे भाऊ, सिनेमातही दिसतात. आपल्याकडे वरळीचं नेहरू सायन्स सेंटर १९८५ चं, आणि मुंबईच्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात मुलांचं वेगळं संग्रहालय उघडलं ते २०१९ मध्ये.

छान आहे सगळं. पण वसमतहून मुंबई म्हणजे अख्ख्या रात्रीचा प्रवास. आणि तिथे पोचल्यावर लेकराच्या हाताला जे लागतं त्यात त्याच्या गावचं काय असतं?

हाच प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी एका बाईंना पडला होता. त्यांचं नाव ताराबाई मोडक. बालवाडी, अंगणवाडी हे शब्द आपण वापरतो, पण त्यामागची ही बाई आमच्या पिढीतल्या फारच थोड्यांना माहीत आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. पदवीधर झाल्या, राजकोटला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. त्या काळात बाईमाणसाला ही केवढी मोठी नोकरी! ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. मारिया माँटेसरींचे विचार वाचून त्यांना वेड लागलं आणि १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई तिथे शिकल्या, काम केलं, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पुढे मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झालं.

इथे माँटेसरी पद्धतीबद्दल दोन वाक्यं सांगायला हवीत. १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब कामगार वस्तीत मारियाबाईंनी पहिलं बालगृह काढलं. मुलानं ऐकून नाही तर हाताळून शिकायचं, त्यासाठी मोजूनमापून बनवलेली साधनं. उदाहरणार्थ गुलाबी मनोरा: १ सेंटीमीटरपासून १० सेंटीमीटरपर्यंतचे १० लाकडी ठोकळे, मोठ्यावर लहान रचत जायचे. लेकराचा हातच त्याला सांगतो की चुकलंय. शिक्षकानं ओरडायची गरज नाही. मला हे फार आवडतं, कारण आमच्या कामात ज्याला चांगलं डिझाइन म्हणतात ते हेच असतं.

गंमत अशी की गरिबांच्या वस्तीत जन्मलेली ही पद्धत भारतात येईपर्यंत महाग झाली. पॉलिश केलेली लाकडी साधनं परवडणार कुणाला? शहरातल्या बऱ्या घरांना. ताराबाईंना हे खटकत होतं. आणि १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या दादर सोडून बोर्डीला गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. सोबत अनुताई वाघ. अनुताई १९१० च्या, बालपणीच लग्न झालेल्या आणि तेराव्या वर्षी विधवा झालेल्या. २०१९ मध्ये १७ मार्चला गूगल उघडल्यावर मुलांच्या घोळक्यात बसलेल्या एका बाईंचं चित्र दिसलं होतं ना, त्याच.

बोर्डीत, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, या दोघींनी एक साधी गोष्ट केली. महागडी साधनं बाजूला ठेवली आणि अंगणात काय पडलंय ते बघितलं. समुद्राचे शिंपले. वेगवेगळ्या आकाराचे गोटे. बिया, पानं, फुलं, बांबू. लहान-मोठं शिकायचंय? गोटे ओळीनं लाव. रंग शिकायचेत? पानं-फुलं गोळा कर. मोजायचंय? बिया मोज. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच ठेवला आणि हार्डवेअर गावातलं वापरलं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे, मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे गेली. वस्तीतल्या अंगणात भरली म्हणून अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या वारली पोरांसाठी चराईच्या कुरणात भरली म्हणून कुरणशाळा. पोरगं गुरं सोडून येऊ शकत नाही, हे धरूनच शाळा आखली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज हा शब्द देशभर चालतो.

नाव देशभर गेलं. शिंपले-गोटे मात्र कोसबाडलाच राहिले. याबद्दल पुढे बोलतो.

आता वसमत. १९४५ मध्ये बोर्डीत पहिली बालवाडी भरत होती तेव्हा वसमत वेगळ्याच राज्यात होतं. निजामाचं हैदराबाद संस्थान, परभणी जिल्हा. (हिंगोली जिल्हा १ मे १९९९ चा, म्हणजे वयानं साधारण माझ्याएवढाच.) सरकारी कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. उर्दूबद्दल माझी तक्रार नाही. आमच्याकडे जमिनीच्या कागदांत 'खासरा' शब्द आजही आहे आणि आमच्या बोलण्यातही तिचे कितीतरी शब्द आहेत. पण घरात मराठी बोलणाऱ्या लेकरासाठी शाळेचा पहिला दिवस म्हणजे परक्या भाषेचा पहिला दिवस, हेही खरंय.

म्हणून मराठवाड्यात शाळा काढणं हेच राजकारण होतं. आताच्या धाराशिव जिल्ह्यात हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. तिथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक होते. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि मुक्तिसंग्रामाचे नेते. म्हणजे बघा, त्याच काळात भावनगर-दादरकडे चर्चा होती की मुलाला कुठलं खेळणं द्यावं, आणि आमच्याकडे चर्चा होती की मुलाला त्याच्या भाषेत शाळा मिळेल का. खेळण्यांचा नंबर यादीत फार खाली होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हा देश स्वतंत्र होऊन तेरा महिने झाले होते. आमच्या मागे पडण्याच्या गोष्टी सांगताना लोक सिंचन सांगतात, रेल्वे सांगतात. लेकरांच्या हातात काही न आल्याचा इतिहासही त्यातच आहे, तो कुणी सांगत नाही.

मग स्वातंत्र्यानंतर आम्ही आठवणी कशात जपल्या? नावांत. वसमतला बहिर्जी स्मारक विद्यालय आहे, महाविद्यालय आहे. बहिर्जी शिंदे म्हणजे तालुक्यातल्या वापटीचे, मुक्तिसंग्रामातले हुतात्मा. शाळेलाच स्मारक करणं ही पुतळ्यापेक्षा कितीतरी चांगली कल्पना आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पुतळ्याला वर्षातून दोनदा हार पडतो, शाळेत रोज लेकरं येतात. पण नाव ही ऐकायची गोष्ट झाली. सहा-सात वर्षांच्या मुलाला १९४८ हा आकडा देऊन उपयोग नाही. त्याला तेव्हाचा एक तांब्याचा पैसा हातात द्या, त्यावरची अक्षरं कुठल्या लिपीत आहेत ते बघू द्या. तोच विचारेल, आपल्या गावात हे पैसे का चालायचे? इतिहासाचा तास तिथूनच सुरू होतो.

हल्ली गावोगाव चौकात 'आय लव्ह अमुक-तमुक' अशी मोठी लाइटवाली अक्षरं उभी राहतात. शेजारी फायबरचा एखादा प्राणी. सेल्फी काढायचा आणि निघायचं. प्रेम आहे ते आहे, पण कशावर, हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं.

वसमतच्या लेकरांसाठी ताराबाईंसारखी अंगणात नजर टाकायची तर काय काय दिसेल? सुरुवात पोळ्यापासून करतो. नागपूरकडे तान्हा पोळा असतो, लाकडी बैलांचा, त्याचा थाट वेगळा. आमच्याकडे घरोघरी मातीचे बैल. ज्यांनी ते केलेत त्यांना माहीत आहे की आमची काळी माती फार नाटकी. ओली असताना लोण्यासारखी वळते आणि वाळली की तडकते. सकाळी केलेल्या बैलाचं शिंग संध्याकाळी हातात येतं. म्हणून आमची आजी मातीत थोडं शेण आणि भुसा कालवायची. इंजिनिअरिंगला मटेरियलचा पेपर लिहिताना मला तो बैल आठवला होता. ही माती ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची झीज होऊन बनलेली. तो दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. माती पाणी पिऊन फुगते, वाळून आकसते. उन्हाळ्यात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. भूगोलाचा अख्खा धडा एका तुटक्या शिंगात.

दिवाळीचे किल्ले आमच्याकडे पुण्या-साताऱ्याइतके नसतात. आता इन्स्टाग्रामवर बघून पोरं करायला लागलीत, आणि मी खूश आहे. फक्त एक बघा. सगळे डोंगरी किल्ले करतात: रायगड, प्रतापगड. दगड-विटांचा ढीग, वर पोतं, त्यावर चिखल. आमच्या आसपास काय आहे? नांदेड जिल्ह्यात कंधार. राष्ट्रकूट काळापासूनचा मानला जाणारा भुईकोट, भोवती पाण्याचा खंदक. तो करायचा तर ढीग रचून चालत नाही, खणावं लागतं. आणि खणलं की प्रश्न सुरू. पाणी झिरपून जातंय, मग त्यांनी कसं टिकवलं? सपाट मैदानावर किल्ला बांधायचा तर बचाव कशाचा? डोंगर नसलेल्या मुलखातले लोक कसा विचार करायचे हे खणल्याशिवाय कळत नाही.

वसमतहून तासाभराच्या आत औंढा नागनाथ आहे. ज्योतिर्लिंग म्हणून तुम्ही गेला असाल. खालचा भाग यादवकालीन, काळ्या दगडाचा, कोरीव. वरचं शिखर नंतरचं, अहिल्याबाई होळकरांनी केलेल्या जीर्णोद्धाराशी ते जोडलं जातं. दगडी भाग आपण हेमाडपंती म्हणतो तसा. चुना न वापरता दगडात दगड अडकवून, वजनावर तोलून उभा केलेला. आता मला सांगा, लेकराला लेगो देता ना? मग अशा खाचा-खुंट्यांचे लाकडी ठोकळे आमच्याच सुताराकडून करून घ्यायला काय हरकत आहे? दोन वेळा पडेल, तिसऱ्यांदा कळेल की खांबावरची तुळई किती बाहेर काढली की तोल जातो.

औंढ्याची दुसरी गोष्ट तर पायांनीच शिकायची. शिवमंदिरात समोर नंदी असतो. तिथे समोर शोधा, सापडत नाही. नंदी मागच्या बाजूला आहे. का? कथा अशी, की नामदेव महाराज देवळासमोर कीर्तन करत होते, त्यांना तिथून उठवून मागे जायला सांगितलं, ते मागे जाऊन गायला लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नामदेवांचं नरसी आमच्याच जिल्ह्यात. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत, एवढा मोठा माणूस. इतिहास म्हणून मी हे सांगत नाहीये, दंतकथा म्हणूनच सांगतोय. पण आठ वर्षांच्या पोरीला देवळाला फेरी मारून नंदी शोधू द्या, मग कथा सांगा, आणि तिचा पहिला प्रश्न काय येतो बघा. 'त्यांना का उठवलं?' इथे मोठ्या माणसांची पंचाईत होते. नामदेव शिंपी होते आणि कीर्तनाला कुणी कुठे उभं राहायचं हे जातीवरून ठरायचं, हे तिला सांगावं लागतं. फायबरच्या पुतळ्यासमोर हा प्रश्न येत नाही. मला वाटतं अशा जागा आपण बनवत नाही त्याचं हेही एक कारण असेल. हात लावू दिला की लेकरं नको तिथेही हात लावतात.

हळदीवर वेगळा एपिसोड करता येईल, तरी थोडं सांगतो. वसमतची हळद आता अधिकृतपणे 'वसमतची' आहे, २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. वसमतला हळद संशोधन केंद्रही झालंय. पावसाळ्याच्या तोंडाला लागवड, उन्हाळ्याच्या तोंडाला काढणी, मग शिजवणं, वाळवणं आणि ड्रममध्ये फिरवून पॉलिश. आमच्या घराघरात लेकरांना जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंडं वेगळी करायला बसवतात. ही माँटेसरीची वर्गीकरणाची साधनंच झाली की! फक्त तिथे हाताला वास राहत नाही. आणि हळदीत चुना कालवला की ती लाल होते. कुंकू परंपरेनं असंच बनत आलंय. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो, त्याचंही कारण तेच: हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. आम्ही हे दहावीच्या आसपास लिटमस पेपरवर शिकलो. लिटमस शहरातून मागवलेला. बाहेर मोंढ्यात हळदीची थप्पी.

आता सगळ्यात नवी खूण. औंढा तालुक्यात लायगो-इंडिया होतंय, गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं २,६०० कोटींना मंजुरी दिली. इंग्रजी 'एल' अक्षरासारख्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर. त्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तर तो मोजायचा. यंत्र एवढं नाजूक, की लेकरांना तिथे हात लावू देणं अशक्यच. इथे ती पाटी लागणार आणि लागायलाच हवी. पण म्हणूनच बाहेर काहीतरी हवं. या प्रकल्पात पुण्याची आयुका आहे, आणि त्याच आयुकाच्या आवारातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुने पेपर. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळालं. दोन आरसे, एक लेझर पॉइंटर आणि काचेचा तुकडा घेऊन प्रकाश कसा दोन वाटांनी जाऊन परत येतो, इतपत शाळेच्या व्हरांड्यात दाखवता येतं. नाहीतर औंढ्याच्या पोराला ते एक मोठं कुंपण म्हणूनच माहीत राहील. जमीन आमच्या तालुक्याची, विज्ञान दुसऱ्यांचं.

आता अंगणवाडीकडे परत. इमारत शोधायला नको, पैसे फार लागत नाहीत, गावोगावी जागा आहे, ताई आहेत. त्या ताईंवर सर्व्हे, रजिस्टर, ॲप यांचं ओझं किती असतं हे मी नात्यातच बघितलंय, त्यामुळे 'ताईंनी हेही करावं' म्हणणं मला जमणार नाही. पण भिंतीवरचा तक्ता बघा. 'अ' अननसाचा. वसमत तालुक्यात अननस कुठे लागतो? 'ह' हत्तीचा. हळदीच्या मुलखात 'ह' हत्तीचा! 'न' नळाचा, नरसी-नामदेव शेजारी असताना. तक्ता एकाच ठिकाणी छापला जातो आणि सगळीकडे लागतो, म्हणून हे असं. ताराबाईंनी नेमकं याच्याशीच भांडण केलं होतं, तेही छपाई महाग आणि फोन नसलेल्या काळात. आज प्रत्येक तालुक्याचा वेगळा तक्ता करणं हे मला आणि माझ्यासारख्या कुणालाही एका शनिवारचं काम आहे. वसमतचा मी करायला घेतलाय. 'ख' खंदकाचा, 'प' पोळ्याचा आणि 'ह'चं तर ठरलंच. 'ण'वर अडकलोय, सगळेच अडकतात.

तुमच्याकडून एक हवंय. पोळ्याचे बैल करताना तुमच्या घरी मातीत काय कालवायचे? शेण, भुसा, राख, कापूस, आणखी काही? आजी-आजोबांना विचारा आणि त्यांच्याच आवाजात, जास्तीत जास्त एका मिनिटाचा व्हॉइस नोट पाठवा. गाव आणि मातीचा रंग सांगायला विसरू नका. पुढच्या भागात ते ऐकवतो.